शंकेचा दोरा

झाडावर चढणाऱ्याने स्वतःचा दोर स्वतः तपासायचा नाही, असा त्या घरचा नियम होता. ऐकणाऱ्याला तो उफराटा वाटायचा. ज्याचा जीव टांगणीला लागणार त्यानेच दोर डोळ्यांत तेल घालून बघावा, असं कुणीही म्हणेल. पण बाबांचं म्हणणं निराळं होतं. "ज्याला वर जायची घाई, त्याला दोर चांगलाच दिसतो," असं ते म्हणायचे. उभा जन्म झाडांवर काढलेला माणूस हे सांगत होता, त्यामुळे उलट बोलायची कुणाची छाती नव्हती.

म्हणून दोर तपासायचं काम थोरल्या ताईकडे आलं आणि चढायचं काम तिच्या धाकट्या भावाकडे. लोकांच्या अंगणातल्या, छपरांवर आलेल्या, वाऱ्याने पिंजलेल्या फांद्या उतरवायच्या, हा त्यांचा धंदा. भावाला सगळे खार म्हणत. बायकोसुद्धा. तो झाडावर दिसला की गल्लीतली पोरं 'खारूताई, खारूताई' असा गलका करत, आणि मग खाली उभ्या असलेल्या बाईला काय म्हणायचं यावरून त्यांची जुंपायची. शेवटी 'खारूताईची ताई' असं ठरलं. ताईला ते आवडायचं, पण ती तसं दाखवायची नाही. पोरांना दटावायची आणि गाडीकडे वळून हसून घ्यायची.

घरामागे पत्र्याची लांबोडकी खोली होती. एका बाजूला बाक, भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर पट्टे, कड्या, करवती. रोज सकाळी ताई खिडकीपाशी बसायची आणि दोर मांडीवरून ओढून घ्यायची. डोळे मिटलेले. अंगठा आणि दोन बोटं यांच्यामधून सगळा दोर सावकाश सरकवायचा. दोराला वरून विणलेली साल असते आणि आत गाभा. साल डोळ्यांना दिसते, गाभा नाही. भार पेलतो तो गाभा. म्हणून डोळे मिटायचे. कुठे बोट अडकलं, कुठे आत गेल्यासारखं वाटलं, कुठे दोर उगाच कडक लागला, की तिथे लाल दोरा बांधायचा आणि पुढे जायचं. सगळा दोर संपला की डोळे उघडून प्रत्येक लाल दोऱ्याकडे परत यायचं. तिथे दोर वाकवून बघायचा. चांगला दोर वाकवला की गोल कमान होते. आतून गेलेला दोर कोपऱ्यात मोडतो. शंका फिटली तर लाल दोरा तोडून टाकायचा. नाही फिटली, तर ताई एकच शब्द म्हणायची, "गेला."

गेला म्हटल्यावर दोर तिथल्या तिथे सुरीखाली यायचा. खारच्या डोळ्यांसमोर, हात हात लांबीचे तुकडे. उद्या बघू, परवा बघू नाही. अख्खा दोर खुंटीवर राहिला की अडीअडचणीला हात त्याच्याकडेच जातो, हे बाबांना ठाऊक होतं. तुकडे शेजारीपाजारी जायचे. कुणी कपडे वाळत घालायला न्यायचं, कुणी कुत्रं बांधायला. दोर ठीक असेल तर ताई तो भावाच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "चढ." तो शब्द ऐकल्याशिवाय खारने दोराला हात लावायचा नाही. लावल्यावर मात्र त्याच्याकडे बघायचंही नाही.

आणखी एक नियम होता, आणि सगळ्या गोष्टीचं मूळ त्यात आहे. गेलेला दोर उघडून बघायचा नाही. साल सोलून आत खरंच काय झालं होतं हे तपासायचं नाही. ताईने एकदा लहानपणी सुरी लावली होती, तेव्हा बाबांनी तिचा हात धरला. "आत खराब निघाला तर तुला माज चढेल," ते म्हणाले, "आणि चांगला निघाला तर पुढच्या वेळी तुझा हात कचरेल. दोन्ही वाईट. शंका आली, दोर गेला. पुढे विचारायचं नाही." ताईने ते विचारलं नाही, आणि बाबा गेल्यावरही कित्येक वर्षं त्या घरात कुणी विचारलं नाही.

मग निळा दोर आला. तो खारने स्वतः निवडून आणला होता. हाताला मऊ, गाठीतून लोण्यासारखा सरकायचा. खार त्याला संध्याकाळी फडक्याने पुसायचा. त्याची बायको म्हणायची, "लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या केसांतून कधी असा हात फिरवला नाहीत." त्यावर खार म्हणायचा की तुझ्या केसांना धरून मी कधी चढलो नाही. घरात हशा पिकायचा. ताईही हसायची.

एके सकाळी ताईच्या बोटाला निळ्या दोरावर कडक जागा लागली. डोळे उघडून पाहिलं तर तळहाताएवढा तपकिरी डाग. गाडीत मागे जुनी बॅटरी ठेवलेली होती, तिच्यातलं तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड, दोरावर सांडलं असावं असं ताईच्या डोक्यात आलं. तेजाब दोराला कसं खातं ते तिला माहीत होतं. खार म्हणाला, "अगं, झाडाचा चीक आहे तो. काल त्या चिकाळ झाडावर नव्हतो का?" ताई म्हणाली, "असेलही." आणि मग म्हणाली, "गेला."

सुरी फिरली. खार बघत उभा राहिला. तुकडे पडल्यावर त्याने खाली वाकून डागाचा तुकडा उचलला, तिच्या हातातली सुरी घेतली आणि तिच्यासमोर साल उभी चिरली. आत गाभा कापसासारखा पांढराशुभ्र होता. तो चिडला असता तर परवडलं असतं. तो हसला. तो तुकडा त्याने दाराजवळच्या खिळ्याला अडकवला, उलगडलेल्या सालीसकट, येता-जाता दिसेल असा.

तेजाबाने खाल्लेला गाभाही दिसायला पांढराच राहतो, हे ताईला बाबांनी सांगितलेलं होतं. तेव्हाच बोलली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण समोरचा हसत असताना खरं सांगितलं तरी ती सारवासारव वाटते. ती गप्प राहिली. आणि खरं सांगायचं तर तिची स्वतःचीच खात्री डळमळली होती. बाबांनी सांगितलं होतं तसंच झालं, हात कचरला.

खारला मात्र नवं खेळणं मिळालं. गिऱ्हाइकांना सांगायचा, "लोकांना दोरीत साप दिसतो, आमच्या ताईला यम दिसतो." गिऱ्हाइकं हसायची. मनाने वाईट नव्हता तो. त्याला वाटायचं ताईही हसतेय. एका रात्री जेवताना तो बायकोला म्हणाला, "बाबा गेले, पण जाताना घरात सुरी ठेवून गेले." ताईने ताट बाजूला सारलं आणि उठली. बाबांचं नाव मध्ये यायला नको होतं, एवढंच तिला वाटलं, पण ते एवढंच फार झालं.

दुसऱ्या दिवसापासून अबोला. तोही एका छपराखाली, एका गाडीत, एका धंद्यात. ताई भावजयीला सांगायची, "त्याला म्हणावं, हेल्मेटचा पट्टा सैल झालाय." तो शेजारीच बसलेला असायचा. तो म्हणायचा, "तिला म्हणावं, कळलं." शेवटी भावजय वैतागून म्हणाली, "मी काय तारेचा खांब आहे का?" आणि पदर झटकून शेजारी निघून गेली. तरीही दोघं बोलली नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि ही तर दोरावर जगणारी माणसं. फक्त सकाळचा तो एक शब्द राहिला होता. ताई दोर पुढे करायची, "चढ" म्हणायची, तो घ्यायचा. दिवसभरात तेवढंच. ताईला त्या शब्दासाठी सकाळ व्हावीशी वाटायची, हे तिने कुणाला सांगितलं नसतं.

एका लाँड्रीच्या अंगणातलं झाड ज्या दिवशी छाटायचं होतं, त्या सकाळी ती नेहमीसारखी खिडकीपाशी बसली होती. निळा गेल्यापासून एकच लांब दोर उरला होता, पिवळा. दुसरा होता तो तोकडा, जुनाट आणि ताठर, फक्त अडीनडीचा. नवा यायला अवकाश होता. पिवळ्या दोराच्या एका टोकाकडे तिचं बोट किंचित आत गेलं. अगदी किंचित. पिकलेल्या फळावर अंगठा टेकवावा तसं. तिने लाल दोरा बांधला आणि पुढे गेली.

तेवढ्यात दार वाजलं. तिने डोळे उघडले तर समोर खार, हातात कपबशी.

"ताई, चहा," तो म्हणाला.

इतक्या दिवसांनी तिच्या भावाने तिला हाक मारली होती. त्याने कप बाकावर ठेवला, खिळ्याकडे बघितलं आणि मान खाजवली. लहानपणी काही फोडलं की तो असाच उभा राहायचा.

"काढून टाकू का तो तुकडा?" तो म्हणाला. "चुकलंच माझं. बाबांचं नाव काढायला नको होतं. ते असते तर कानाखाली आवाज काढला असता."

"राहू दे," ताई म्हणाली. "असू दे तिथेच. तेवढंच गिऱ्हाइकं हसतात."

"मग मी गाडीत सामान टाकतो," तो म्हणाला आणि जाताजाता तिच्या खांद्यावर थाप मारून गेला.

ताईने चहा प्यायला. इतका गोड चहा तिला एरवी चालत नसे. मग ती लाल दोऱ्याकडे परत आली. दोर वाकवला. कमान झाली. गोल म्हणावी तर पूर्ण गोल नाही, कोपरा म्हणावा तर कोपराही नाही. पुन्हा वाकवला. मनात पाल चुकचुकली. तिथे तिला थांबायचं होतं, एक शब्द म्हणायचा होता आणि सुरी घ्यायची होती. आजवर तिने तेच केलं होतं.

पण बाहेर खार शीळ घालत होता. आत्ता गेला म्हटलं, तर लाँड्रीचं काम रद्द, दिवस बुडाला, आणि पुन्हा एक तुकडा खिळ्यावर. तो काही बोलणार नाही, नुसता हसेल. आणि कदाचित आत गाभा पांढराच असेल. ताईला ते हसणं पुन्हा बघायचं नव्हतं. एवढीच गोष्ट होती. मोठ्या चुकांच्या मागे काही तरी मोठं कारण असावं असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक वेळा एवढंच असतं.

तिने मार्ग काढला. शंकेची जागा टोकाकडे होती. दोर उलटा घेतला, की ती जागा लोंबत्या शेवटाकडे येईल. लाँड्रीचं झाड तिने पाहिलेलं होतं. खालच्या बेचक्यात दोर घालून काम झालं, तर ती जागा सबंध दिवस जमिनीवरच पडून राहील, तिच्यावर कधी भार येणारच नाही. लाल दोरा तिने तसाच ठेवला, म्हणजे खालून नजर ठेवता येईल. मग दोराची गुंडाळी केली, बाहेर नेली आणि भावासमोर धरली.

"चढ," ती म्हणाली.

त्याने दोर घेतला. त्याच्याकडे बघितलं नाही.

लाँड्रीच्या मागच्या अंगणात पांढऱ्या चादरी वाळत होत्या आणि भिंतीतल्या नळीतून वाफ निघत होती. पत्र्याच्या छपरावर एक जाड फांदी आडवी आली होती, वारा सुटला की घासायची. लाँड्रीवाल्या बाईला फक्त चादरींची काळजी. "भुसा पडला तर पुन्हा धुवावं लागेल हो ताई," ती तीनतीनदा बजावत होती. ताईने चादरी एका कडेला सरकवल्या.

खारने वाळूची पिशवी फेकून खालच्या बेचक्यातून दोर घातला. एक टोक कमरेच्या पट्ट्याला बांधलं. दोर वर बेचक्यावरून फिरून परत खाली त्याच्या कमरेशी यायचा, तिथे सरकगाठ, आणि गाठीखाली उरलेला दोर जमिनीपर्यंत लोंबायचा. त्याला ती दोघं शेपूट म्हणत. शेपूट गुंतू न देणं, करवतीपासून लांब ठेवणं, हे ताईचं काम. गाठ सैल सोडली की शेपटातला दोर वर जायचा आणि चढणाऱ्याला जास्त लांब जाता यायचं. लाल दोरा शेपटात, तिच्या पायाशी पडलेला होता. ती एका डोळ्याने भावाकडे आणि एका डोळ्याने त्या दोऱ्याकडे बघत होती.

बारक्या फांद्या झाल्या. मग खार थांबला आणि वर बघायला लागला.

"वरच्या बेचक्यातून घेतो," तो म्हणाला.

"खालूनच होतंय की," ताई म्हणाली.

"होतंय कसलं? खालून टोकाला गेलो आणि पाय घसरला, तर सरळ खोडावर आपटेन. असं का करतेस, तुला काय माहीत नाही?"

माहीत होतं. सकाळीही माहीत होतं. अशी लांब फांदी नेहमी वरूनच घ्यायची असते, हे तिने बाबांच्या काळापासून पाहिलेलं होतं. सकाळी तिने दोरापुरते मिटलेले डोळे नंतर उघडलेच नव्हते. ती काही बोलली नाही, आणि तिला बोलायला तेव्हाही उशीर झालेला नव्हता.

खारने छोटा पट्टा खोडाभोवती घालून स्वतःला अडकवलं, दोर काढला, वर चढून वरच्या बेचक्यात घातला. शेपटाचे वेढे एकेक करून उचलले गेले. लाल दोरा जमिनीवरच होता, पण आता कडेला. मग पट्टा सोडून तो फांदीवर चालायला लागला. एक पाऊल, गाठ थोडी सैल, थोडा दोर, पुन्हा पाऊल. त्याच्या चालण्याला पोरं उगाच नाचत नसत. इतका जड माणूस आणि फांदीला कळायचंही नाही.

लाल दोरा जमिनीवरून उठला. ताईच्या गुडघ्याशी आला. छातीशी आला. तो तिच्या हातातून वर गेला तेव्हा तिची मूठ आपोआप मिटली, आणि तिने ती उघडली, कारण शेपूट ओढलं तर वरच्याचा तोल जातो. मग तो तिच्या डोक्यावरून वर गेला.

चादरी फडफडत होत्या. ताई मान वर करून उभी होती. काही नसेल, असं तिने स्वतःला सांगितलं. कमान जवळजवळ गोल होती. निळाही आतून पांढरा निघाला होता. आता हाक मारली तर त्याला सगळं कळेल, आणि नाही मारली तर कदाचित कधीच कळणार नाही. संध्याकाळी घरी जाऊन गुपचूप दोर कापता येईल. तिने हे सगळं तोललं. एका पारड्यात भावाचा जीव होता आणि दुसऱ्यात त्याने सकाळी आणलेली कपबशी, आणि ताईने काही क्षण का होईना ते तोललं. पुढे तिने स्वतःला बाकी सगळं माफ केलं असतं, ते क्षण केले नाहीत.

"खार," तिने हाक मारली. "आहेस तिथे थांब."

तो थांबला.

"पट्टा फांदीला घाल. आधी पट्टा घाल."

त्याने काही विचारलं नाही. पट्टा फांदीभोवती टाकला, कडी लावली, ओढून बघितली.

"घातला."

"आता त्या दोरावर भार देऊ नकोस."

खारने खाली बघितलं, आधी तिच्याकडे, मग स्वतःच्या कमरेकडे. गाठीच्या हातभर खाली लाल दोरा वाऱ्यावर हलत होता. तो त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

मग तो फांदीवर घोड्यासारखा बसला आणि पट्टा मागे मागे सरकवत खोडापर्यंत आला. वरून बारीक दोरी सोडली. ताईने गाडीतून तोकडा ताठर दोर आणून तिला बांधला. बांधलेली गाठ तिने पुन्हा सोडून बांधली. तोकड्या दोरावर तो आधी खालच्या बेचक्यात उतरला, तिथून पुन्हा दोर घालून जमिनीवर आला. लाँड्रीवाली बाई दारात येऊन म्हणाली, "झालं का हो?"

"आज नाही व्हायचं," खार म्हणाला. "पुन्हा येतो."

त्याने पिवळा दोर खाली ओढून घेतला, लाल दोऱ्याची जागा चिमटीत धरली आणि ताईसमोर आला.

"हा कधी बांधलास?"

आत्ता, खाली उभ्याउभ्या बोटाला लागलं म्हणून, हे उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते खरं मानलं असतं.

"सकाळी," ती म्हणाली.

"चहाच्या आधी की नंतर?"

ताईने चादरींकडे बघितलं. "आधी."

खारने मान हलवली. तो रागावला नव्हता. तिला वाटलं, आता तरी रागावेल, चार शब्द सुनावेल, मग तीही रडेल आणि होईल सगळं मोकळं. पण तो दोर गुंडाळायला लागला.

"मग चहा आणायलाच नको होता मी," तो म्हणाला.

घरी येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. हा अबोला पहिल्यासारखा नव्हता. पहिल्यात दोघं एकमेकांना ऐकू जावं म्हणून गप्प होती.

पत्र्याच्या खोलीत ताईने दोर बाकावर घेतला आणि "गेला" म्हणाली. तो शब्द तिला स्वतःलाच चोरीचा वाटला. तिने तुकडे केले. लाल दोऱ्याचा तुकडा शेवटी हातात राहिला, आणि तिने सुरीचं टोक सालीवर टेकवलं. तिला बघायचं होतं. आतला गाभा तुटलेला निघाला, तर निदान शेवटी हाक मारली याला काही अर्थ होता. पांढरा निघाला, तर सकाळी काही फार चुकलं नव्हतं.

"उघडू नकोस," खार दारातून म्हणाला.

"बघू तरी दे रे."

"काय बघायचंय? आत काहीही असो. तुला शंका होती आणि तू मला चढ म्हणालीस."

तिने सुरी खाली ठेवली.

"मी चुकले," ती म्हणाली. "आपलं पुन्हा बिनसायला नको, एवढंच होतं माझ्या मनात. देवाशपथ एवढंच."

"मला माहीत आहे." तो बाकावर तिच्या शेजारी बसला. त्याच्या हातांना झाडाच्या सालींचा वास येत होता. "तेच तर अवघड आहे ना ताई. तू मुद्दाम केलं असतंस तर भांडलो असतो आणि मिटलं असतं." मग तो म्हणाला, "तू दोर कापायचीस तेव्हा मला राग यायचा. खोटं नाही सांगत, खूप यायचा. पण तू चढ म्हणालीस, की मी दोराकडे बघायचोच नाही. वर गेल्यावर मला दोर आहे हेही आठवायचं नाही. ते सगळं तुझ्याकडे होतं."

तो उठला. दाराजवळ थांबून त्याने खिळ्यावरचा निळा तुकडा काढला, बाकीच्या तुकड्यांत टाकला आणि आत गेला. ताईला ओरडून सांगावंसं वाटलं की राहू दे, तो तिथेच राहू दे, हसत जा माझ्यावर. पण ते सांगण्याचा हक्क सकाळी होता आणि तिने तो तेव्हाच वापरून टाकला होता.

नवा दोर आला. घरात बोलणं-चालणं आता नीट आहे, पहिल्यापेक्षा जास्तच नीट. भावजय म्हणते, चला, सुटले बाई तुमच्या निरोपांतून. गिऱ्हाइकांसमोर खार आता ताईवर विनोद करत नाही. कुणी जुन्या ओळखीचं विचारतं, "काय, यम दिसला का हल्ली?" तर तो ऐकलं न ऐकलं करतो आणि फांदीकडे बोट दाखवून कामाचं बोलतो. ताई पूर्वीपेक्षा जास्त वेळ खिडकीपाशी बसते. डोळे मिटून, दोर अंगठ्याखालून सरकवत. हात कचरत नाही आता. जराशी शंका आली की गेला म्हणते आणि खार एक अक्षर न बोलता बघत उभा राहतो.

सकाळी दोर ठीक निघाला, की ती तो त्याच्यासमोर धरते.

"चढ."

"हो," खार म्हणतो आणि दोर घेतो. मग गाडीपाशी जातो, तिच्याकडे पाठ करतो, म्हणजे तिला दिसू नये, आणि डोळे मिटून सगळा दोर स्वतःच्या बोटांमधून एकदा सरकवून घेतो. त्याला ते नीट जमत नाही. ताईला पाठीवरूनच कळतं की तो घाई करतोय, अंगठा फार दाबतोय, अशाने गाभ्याचं काही कळायचं नाही. कसं बघायचं ते ती त्याला सांगू शकते, तिला बाबांनी शिकवलं तसंच. ती सांगत नाही. गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहून ती पट्टे मोजत राहते, त्याचं होईपर्यंत.